कमरेपर्यंत निळा

तुवालूहून कायमची ऑकलंडला आलेल्या आईची खोली सेलेटानं हौसेनं सजवली. भिंती कमरेपर्यंत निळ्या, वर पांढऱ्या. आरशाला शिंपले, कोपऱ्यात वल्हं.

"बेटाच्या आठवणीनं सारखी रडतेस ना? घे, समुद्रच आणलाय घरात!"

आईनं निळा रंग संपतो तिथं नुसता हात फिरवला.

सकाळी सेलेटा बाळाला कडेवर घेऊन आली, तर आईचं बायबल, बाबांचा फोटो, लग्नातली विणलेली चटई, सगळं कपाटाच्या माथ्यावर. आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसलेली.

"हे काय गं, आई?" म्हणत सेलेटा बाळाला जमिनीवर ठेवायला वाकली.

आईनं तिचा दंड घट्ट धरला.

"त्या वादळात घरात पाणी बरोबर या निळ्याएवढं चढलं होतं. पोराला खाली सोडू नकोस."