रिकाम्या गाडीचे पाटे

सोनबानं लिलावातून आणलेला मिलिटरीचा ट्रक शिवऱ्यात त्याच्या घरापुढं उभा होता. हौदा रिकामा, तरी मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे भरल्या गाडीसारखे दबलेले. म्हणून त्यानं सकाळी नवे पाटे घातले. जॅक काढला, तशी गाडी हळूहळू पुन्हा खाली बसली.

"असली बसकी गाडी वेल्ह्याचं गिऱ्हाईक घ्यायचं न्हाई," तो कपाळाला हात लावून म्हणाला.

त्याची बायको फुलाबाई चुलीपुढनं उठून दारात आली. "आत माणसं बसली असतील, लई लांबनं आल्याली. पाणी तरी इचारलं का तुमी?"

"खुळी का काय तू!" सोनबा हसला. पण तांब्या घेऊन गेलाच. मागची ताडपत्री वर केली. आत नुसती दोन रिकामी बाकडी. उगीच ओशाळून तो म्हणाला, "उतरा, पावनं. घर आपलंच हाय."

पाटे करकरले. गाडी बोटभर वर आली. मग आणखी बोटभर. मग आणखी.

सोनबानं वळून पाहिलं. ओट्यावरच्या रिकाम्या बाजेचं सुंभ ताणत ताणत खाली जात होतं.

बाजेकडं बघत फुलाबाईनं डोक्यावर पदर घेतला.