इंदुबाईच्या फ्लॉप्या

"काही राहिलेलं नाय, बाई," हरेश म्हणाला आणि त्याने कीबोर्ड पुढे सारला.

पद्मजा त्याच्या खुर्चीमागे उभी होती. कंप्युटर दुरुस्त करणारा हरेश पेणहून पहिल्या एसटीने रोह्याला आला होता. आल्या आल्या स्वतःच्या फ्लॉपीवरून त्याने कंप्युटर चालू केला, व्हायरस शोधला, मारलाही. पण मरायच्या आधी त्याने आपलं काम उरकलं होतं. पद्मजाने टाइप केलेली गाणी हार्डडिस्कवर कुठेच नव्हती.

ती जोह्याच्या इंदुबाईची, लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारणीची गाणी होती. पद्मजा शिकवायची त्या शाळेला सुट्टी असली की इंदुबाईच्या पडवीत बसून तिने हळदीचे, तेलवणाचे, मांडवाचे धवले एकेक ओळ थांबवून उतरवून घेतले होते. टाइप झाल्यावर मूळ कागद बाळने, तिच्या नवऱ्याने, रद्दीत घातले. कंप्युटरमध्ये आहे की सगळं, पसारा कशाला, असं त्याचं म्हणणं.

"माझ्याकडे कॉप्या आहेत," पद्मजा म्हणाली आणि तिने कपाटातून फ्लॉप्यांचा डबा आणून दिला. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात 'इंदुबाई' लिहिलेलं होतं.

हरेशने एक घातली. मग दुसरी. मग बाकीच्याही एकेक करून घालून बघितल्या.

"बाई, यात गेम हाय. मोटारींच्या शर्यतीचा. सगळ्या फ्लॉप्यांवर तोच. व्हायरस पण यातूनच आलाय."

ध्रुव, तिचा धाकटा दीर, नुकताच शिफ्ट संपवून आला होता आणि दाराशी उभा राहून ऐकत होता.

"मित्राकडून कॉपी करून आणला, वहिनी," तो म्हणाला. "कोऱ्या फ्लॉप्या नव्हत्या हाताशी."

"यावर नाव होतं."

"इंदुबाई होतं. मला वाटलं, तुझा दुधाचा हिशोब असेल."

पद्मजाने एक फ्लॉपी उचलली. कोपऱ्यातली काळी खिटी सरकवली की फ्लॉपीवर दुसरं काही लिहिता येत नाही. तिने प्रत्येकीची खिटी आठवणीने सरकवून ठेवली होती.

"ही बंद होती," ती म्हणाली. "ही तू नखाने उघडलीस. एकेक फ्लॉपी हातात घेऊन उघडलीस."

ध्रुवने खांदे उडवले.

"जाऊ दे गं आता," बाळ म्हणाला. "नाहीतरी हे मशीन जुनंच झालंय. हरेश, तू नवीनच असेंबल करून दे आम्हाला. काय काय घ्यावं लागेल?"

आणि दोघे भाऊ खुर्च्या ओढून हरेशजवळ बसले. ध्रुवला मोठा रंगीत मॉनिटर हवा होता, साउंड कार्ड हवं होतं, त्याला जोडीचे स्पीकर. जॉयस्टिकचंही त्याने विचारून घेतलं. बाळ मान डोलवत होता. डबा उघडाच पडला होता आणि घरात कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखी बोलणी चालली होती.

"मुख्य काम कसलं करनार यावर?" हरेशने विचारलं. "त्यावर ठरतं सगळं."

"किरकोळच," बाळ म्हणाला. "घरचं."

"किरकोळ नाही," पद्मजा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिघांनीही वर बघितलं. "हरेश, मी सांगते तसा कर. कंप्युटर बाहेरच्या खोलीत नाही, आत माझ्या टेबलावर बसेल. रंगीत मॉनिटर नको. आवाज नको. मराठी अक्षर स्वच्छ उमटेल असा प्रिंटर हवा, रोजचं काम मी रोज छापून ठेवणार. आणि फ्लॉपीची फट नको."

"फ्लॉपी ड्राइव्हच नको?" हरेशने डोकं खाजवलं. "मग मी सिस्टिम कशी टाकू, बाई?"

"तुझा ड्राइव्ह घेऊन ये. काम झालं की काढून ने."

हरेशने थोडा विचार केला. "व्हय, जमंल. तोंडाला पत्रा मारून देतो."

ध्रुव हसला. "अगं वहिनी, मग त्यात काही घालणार कसं?"

"टाइप करून."

"पद्मजा," बाळ समजावणीच्या सुरात म्हणाला, "घरातल्या घरात इतकं ताणायचं नसतं."

"पुसलं गेलं तेही घरातल्या घरातच," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून घराबाहेर पडली.

दुपारी ती जोह्याला पोहोचली. इंदुबाई मुलाच्या मूर्तींच्या कारखान्यात बसून गणपतीच्या पायाला पॉलिश पेपर मारत होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखली होती. पद्मजाने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. व्हायरस, हार्डडिस्क हे शब्द तिने वगळले. गाणी पुसली गेली आणि ती माझ्या घरच्या माणसाने पुसली, एवढंच म्हणाली.

इंदुबाईने मूर्तीवरचा हात काढला नाही.

"परत सांगीन की गो. पन तीच नाय येयाची. त्या टायमाला आली ती त्या टायमाची." पेपर खरखरत राहिला. मग तिने मान वर केली. डोळ्यांत हसू नव्हतं. "माजी गानी पुसून त्याने तिथं काय घातलान?"

"खेळ," पद्मजा म्हणाली. "गाड्यांची शर्यत."

इंदुबाईने पायाच्या बोटांमधली भुकटी फुंकून टाकली.

"मंग, जिकला काय तो?"