खांद्यावरचा हात

टीव्हीच्या काचेतली मुलगी पुन्हा एकदा वळली आणि थेट निनेल अर्काद्येव्नाकडे बघून हसली.

"बंद कर रे पोरा," निनेल म्हणाली. "किती वेळा तेच तेच!"

रोदिओननं टेप थांबवली, पण बंद केली नाही. मुलीचा चेहरा पडद्यावर तसाच अडकून राहिला, बारीक थरथरत. श्वास घेत असावा तसा.

सोव्हिएत राजवटीत लहानाची मोठी झालेल्या साध्यासुध्या माणसांवर रोदिओन माहितीपट काढत होता. एकोणीसशे सदतीस सालच्या मे दिनाची ही चाळीस सेकंदांची फीत त्याला कुठल्याशा तळघरात सापडली होती. व्होलोग्दा शहराच्या रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती. प्रत्येकाच्या हातात बर्च झाडाची डहाळी आणि तिला बांधलेली कागदाची फुलं. त्यातल्या एकेकाला हुडकत तो गावोगाव हिंडत होता. दुसऱ्या ओळीत, पुढचे दात पडलेली, ती आठ वर्षांची निनेल. आणि तिचा हात घट्ट धरून चाललेली ही मुलगी, दोनएक वर्षांनी मोठी. तेच कपाळ, तशीच वर चढलेली डावी भुवई.

शेजारची कापितोलिना सारण भरून भाजलेल्या पिरोगीची थाळी घेऊन न बोलावताच आत आली आणि पडद्यासमोर थबकली.

"अगं बाई! निनेल, ही तर तुझी बहीण!"

"मला बहीण नाही."

"मग काय छापखान्यातून दोन प्रती काढल्या होत्या तुझ्या?"

"कापितोलिना, तुझे पिरोगी करपतायत बघ."

"ते सकाळीच झालेत, करपतायत कसले! सिनेमात जाणार म्हणून आत्तापासूनच मिजास!" कापितोलिना थाळी आपटून निघून गेली.

बहीण नव्हतीच. तसं निनेलनं लिहूनच दिलं होतं. तंत्रशाळेच्या अर्जात, कारखान्याच्या अर्जात, बढतीच्या वेळी, ही खोली मिळताना. 'भावंडं' या रकान्यात दर वेळी एकच शब्द होता, 'नाहीत'. लग्नाआधी नवऱ्याला तेच सांगितलं. तो गेला, तेव्हाही त्याला तेवढंच ठाऊक होतं. मुलानं सैन्यात जाताना आपल्या अर्जात तोच शब्द उतरवला. ते अर्ज मागणारं सरकार सात वर्षांपूर्वी बुडालं होतं. पण आता तो शब्द मागे घ्यायचा, तर एकसष्ट वर्षं घरातल्या माणसांशीही खोटं बोलले असं म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा बहीण नसणंच बरं होतं.

रोदिओन तिचा आल्बम चाळत होता. एका पानावर तो थांबला. स्टुडिओतला फोटो. खुर्चीवर वेणी पुढे घेतलेली छोटी निनेल. फोटोची उजवी बाजू कात्रीनं सरळ कापलेली.

"निनेल अर्काद्येव्ना, हा हात कुणाचा?"

"कुठला हात?"

त्यानं बोट ठेवलं. छोट्या निनेलच्या खांद्यावर चार बोटं होती. त्यांच्यापलीकडे काहीच नव्हतं.

"फोटो खराब आलाय," ती म्हणाली.

ती बोटं कापायची तर निनेलची वेणीही कापावी लागली असती, म्हणून तेवढी राहून गेली होती. कधीकधी भांडी घासताना त्याच खांद्याला ऊब लागायची. अशा वेळी ती मागे वळून बघत नसे. नळ जरा मोठा सोडायची.

रोदिओननं कॅमेरा सुरू केला. बाहेर तीन वाजताच अंधारून आलं होतं. खोलीत उजेड होता तो काय त्या थरथरणाऱ्या चेहऱ्याचा.

"तुमच्या शेजारची ही मुलगी कोण?"

"ओळखत नाही. आमच्या वर्गातली नव्हती. मी एकटीच आहे."

पाठ केलेला धडा म्हणावा तसा तिचा आवाज सपाट होता. रोदिओननं कॅमेरा बंद केला आणि कोपराभोवती वायर गुंडाळायला लागला.

"मागच्या मंगळवारी मी चेल्याबिन्स्कला होतो," तो म्हणाला. "तिथे वेरा स्तेपानोव्ना म्हणून एक बाई आहेत. अनाथाश्रमात वाढल्या. ही टेप बघून म्हणाल्या, ती मोठी मुलगी मीच. मग मी विचारलं, हात धरलेली छोटी कोण?"

निनेलनं मान वर केली नाही. "काय म्हणाली?"

"ओळखत नाही. आमच्या वर्गातली नव्हती. मी एकटीच आहे." वायर गुंडाळणारा त्याचा हात थांबला. "अक्षर न् अक्षर हेच. आत्ता तुम्ही बोललात तेच."

फार वेळ अडकवून ठेवलेली टेप तेवढ्यात आपणहून सुटली. मुलगी वळली, हसली, आणि छोटीला ओढत पडद्याच्या कडेबाहेर चालती झाली. मागे नुसती पांढरी खरखर उरली.

निनेल उठली. तिनं काचेवर तळहात ठेवला.

"म्हणजे अजूनही सांगितलं नाही तिनं," ती पुटपुटली. "वेरा नव्हे रे, तोन्या. आश्रमात नाव बदललं असणार. आई-बाबांना पोलिसांनी नेलं त्या आठवड्यात मावशीनं आम्हा दोघींकडून हेच घोकून घेतलं होतं. मग आम्हाला अनाथाश्रमात न्यायला गाडी आली. मावशीनं मला पिठाच्या पेटीत लपवलं. दोघी मावलो असतो, पण तोन्या आजारी होती, तिला गप्प राहता येईना."

मग ती रोदिओनकडे वळली आणि आठ वर्षांच्या पोरीच्या आवाजात तिनं विचारलं,

"तिचा खोकला थांबला का रे?"