ओक्बुनची बंडी

गिल्दोकची बायको ओक्बुन वारली, तेव्हा तिचे कपडे जाळायला तिची थोरली बहीण मालसुन आली. मेलेल्या माणसाचे कपडे धुरातून त्याला पोचतात, अशी कोरियातल्या जिंदो बेटावरची रीत. परसात बाकी सगळं जळून गेलं होतं. राहिली होती एक कापूस भरलेली बंडी, आणि ती गिल्दोकच्या अंगात होती.

"काढा ती, भाऊजी. बाईमाणसाची बंडी घालून फिरता, गाव हसतंय. आणि तिला तिकडे थंडी नाही का वाजायची?"

"हौसेनं नाही घालत, अक्का. या नुरीसाठी घालतो." त्याने उंबऱ्यापाशी बसलेल्या पिवळ्या कुत्रीकडे बोट दाखवलं. "आपलं जिंदोचं कुत्रं, एकाच माणसाच्या हातचं खाणार. ओक्बुन गेल्यापासून अन्नाला तोंडच लावत नव्हती. बंडीला तिचा वास आहे, म्हणून माझ्या हातचे चार घास खाते. ही जाळली तर उपाशी मरेल."

मालसुनने आपल्या टोपलीतून सुक्या माशाचं एक डोकं काढलं आणि पुढे धरलं.

नुरी उठली. गिल्दोक तिला अडवायला पुढे झाला, पण तोवर ती मालसुनच्या हातातलं डोकं कडाकडा चावत होती. खाऊन झाल्यावर तिने बोटंही चाटली.

विस्तव अजून धुमसत होता. मालसुनने बंडीसाठी हात पुढे केला.

गिल्दोकने बंडीच्या दोन्ही कडा छातीशी घट्ट धरल्या.

"आज खाल्लं," तो म्हणाला. "उद्या नाही खायची."