एक तरी टोमॅटो

"आज माझ्यावर एवढे टोमॅटो पडतील," एव्हारिस्तो छाती फुगवून म्हणाला, "की अख्ख्या मिलानला आठवडाभर सॉस पुरेल."

रिघेत्तीनं नुसतं "हूं" केलं. जुनं सगळं मोडा आणि यंत्रांची गाणी गा म्हणणाऱ्या मिलानच्या भविष्यवादी कवींचा तो म्होरक्या. आला होता आगगाडीनं, पण डोळ्यांवर चष्मा मोटार हाकायचा.

"बघू या," तो म्हणाला. "लोक भडकले, तर आमच्या जाहीरनाम्यावर तुझी सही. टाळ्या पडल्या, तर तू आमचा नाहीस. टाळ्या जुनाट माणसांना मिळतात."

एव्हारिस्तोला हे मान्यच होतं. मंडळातल्या बाकीच्यांनी तूरिनमध्ये तोंडावर अंडी झेलली होती. एकाच्या डोक्यावर तर कोबीचा गड्डा फुटला होता, आणि तो ती जखम मेडलसारखी मिरवायचा. एव्हारिस्तोच्या कोटावर अजून साधा डाग नव्हता. आज सही हुकली तर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. मावशीचं मेणबत्त्यांचं दुकान. विजेच्या दिव्यांवर कविता करायच्या आणि गल्ल्यावर बसून वाती वळायच्या! त्यापेक्षा पो नदीत उडी बरी.

प्रयोगासाठी गाव त्यानंच निवडलं होतं. आपलंच, बोर्गोरात्तो. सायकल दिसली तरी म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढतात, असलं मागासलेलं. इथं भडका उडणार नाही तर कुठं?

पडदा वर गेला. नाटकगृह खच्चून भरलं होतं, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत मांडीमांडीवर टोपली. टोपल्यांत टोमॅटो, अंडी, कांदे. एव्हारिस्तोला भरून आलं.

"गाढवांनो!" त्यानं सुरुवात केली. "ते तुमचं घंटाघर पाडा! तिथं इंजिनं उभी करा!"

"पाडायलाच झालंय रे बाबा," पहिल्या रांगेतून पाद्री म्हणाले. "परवाच वीट पडली. थोडक्यात वाचलो."

टाळ्या.

"तुमच्या चीजला मोज्यांचा वास येतो!"

"यंदा बिघडलंच आहे," मागून चीजवाला ओरडला. "बघा, पोराच्या जिभेला कसं कळतं!"

पुन्हा टाळ्या. सज्जात बसलेल्या रिघेत्तीनं जांभई दिली. एव्हारिस्तोच्या पाठीवरून घामाची धार लागली.

मग त्यानं यंत्र पुढं ओढलं. लाकडी खोकं, तोंडाला कर्णा, बाजूला दांडा. दांडा फिरवला की शंभर मोटारी एकदम खाकरल्यासारखा आवाज. मिलानमध्ये या आवाजाला लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या. त्यानं खांदा निखळेस्तोवर दांडा फिरवला आणि थांबला.

सगळं चिडीचूप.

"थांबू नको ना रे," मधल्या रांगेतली एक बाई कुजबुजली. "आत्ता कुठं पोरगं झोपलंय."

एव्हारिस्तोनं गुडघे टेकले. "अहो, मग टोपल्या कशाला आणल्यात? मारा की! पाया पडतो तुमच्या, एक तरी टोमॅटो मारा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात दोमितिल्ला मावशी उठली.

"मारू? तुला? अरे, हे सगळं तुझ्यासाठी आणलंय, बाळा! मिलानमध्ये वाळून काडी झालायस. मी घरोघर जाऊन सांगून आले, आईविना पोर आहे, मेलं काहीही बोललं तरी कुणी चिडायचं नाही. कळो न कळो, टाळ्या वाजवायच्या."

सगळ्यांनी वाजवल्या.

सज्जात रिघेत्ती ताडकन उभा राहिला. तोंडात दोन बोटं घालून त्यानं कान फाटतील अशी शिट्टी मारली. "थू! हा कसला भविष्यवादी! हे तर मावशीच्या मांडीवरचं तान्हं! जा, मेणबत्त्या वीक, जा!"

"काय म्हणाला तो चष्मेवाला?" मावशीनं विचारलं. "आपल्या एव्हारिस्तोला?"

पहिलं अंडं मावशीचंच. ते रिघेत्तीच्या दाढीत फुटलं. त्यानंतर गावानं मागंपुढं पाहिलं नाही. टोमॅटो गेले, कांदे गेले, पाद्र्यांनी दोन्ही हातांनी वांगी फेकली, चीजवाल्यानं ते बिघडलेलं चीज कारणी लावलं. रिघेत्ती हात पसरून उभा होता. चष्म्यावरून बलक ओघळत होता, आणि चेहरा असा खुललेला, की लग्नात नवरदेवाचाही खुलत नाही.

"शाब्बास!" तो किंचाळत होता. "अजून! अजून!"

"मला!" एव्हारिस्तो धावत सज्जात चढला आणि त्याच्यापुढं उभा राहिला. "इकडं मारा! मी इथं आहे!"

मारा थांबला.

"बाजूला हो बाळा," खालून सगळे ओरडले. "लागेल तुला."

तो बाजूला होईपर्यंत लोक हात वर धरून थांबले. मग रिघेत्तीनं त्याला कोपरानं ढकललं, आणि पुन्हा पाऊस सुरू.

टोपल्या रिकाम्या झाल्या तसा रिघेत्ती कोट न पुसता स्टेशनवर गेला. जाताना एव्हारिस्तोशी तो एवढंच बोलला, "जन्मात असं यश मिळालं नव्हतं." जाहीरनामा त्याच्याच खिशात राहिला.

लोक पांगले. एव्हारिस्तो सज्जात त्या चिखलात फतकल मारून बसला होता. मावशी धापा टाकत वर आली. तिनं त्याचा कोट उलटासुलटा करून पाहिला.

"तुला कुठं लागलं नाही ना रे?"

"नाही, मावशी," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला. "एकसुद्धा नाही."

मग डोळे मिटून त्यानं जमीन चाचपली, हाताला काहीतरी गोल लागलं ते उचललं, आणि सगळा जोर लावून स्वतःच्या कपाळावर हाणलं.

ते बीट होतं. गावात डॉक्टर नव्हता. टाके घोड्यांच्या डॉक्टरनं घातले.