गाण्यामागचा आवाज

"उस्ताद हाईत का?" रामहरीनं पांढऱ्या गाडीतूनच विचारलं.

"न्हाईत. येरमाळ्याला गेलेत, देवीला. दुपारी येतील," मल्लेश म्हणाला.

"मग तर बरंच झालं!" तामलवाडीचा रामहरी खाली उतरला. "टेपमधी लई आवाज येतो बग. गाणं कमी न् शिट्टी जास्त. सोलापुरात दोघांना दाखवलं, दोघं बी नवाच टेप गळ्यात मारायला बघत्यात."

तुळजापुरात, घाट लागायच्या अलीकडं, उत्तरेश्वर उस्तादांचं कार-टेपचं दुकान. मल्लेश तिथला मिस्त्री. त्यानं गाडीत बसून टेप लावला. इंजिन बंद होतं तोवर गाणं स्वच्छ. मग चावी फिरवली, आणि गाण्याच्या मागून एक बारीक कुंई सुरू झाली. एक्सिलेटर दाबला, कुंई चढली. पाय काढला, उतरली.

मल्लेशचा पाय तसाच अधांतरी राहिला.

हा आवाज त्यानं आयुष्यात एकदाच ऐकला होता. पाच वर्षांपूर्वी, थंडीत, पहाटे, नळदुर्गच्या अलीकडं. धुकं असं की हातभर पुढचं दिसेना. बाप बिराप्पा मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होता, मल्लेश मागं होता. एक पांढरी गाडी आली, बापाला उडवलं, डावा दिवा फुटून काचा रस्त्यावर पडल्या. गाडी थांबली. आत गाणं चालू होतं आणि गाण्यामागं ही कुंई. चालवणारा हरामखोर खाली सुद्धा उतरला नाही. कुंई चढत चढत धुक्यात निघून गेली. नंबर कुणी पाहिला नाही. आणि शिट्टी ऐकली म्हणून कुठला फौजदार गाडी शोधत बसतोय?

मेंढरं विकून मल्लेश या धंद्यात आला तो त्या एका आवाजासाठी. उस्तादांच्या कानावर त्याची हकिगत गेली होती. त्यांनी आपण होऊन बोलावणं धाडलं, हाताला धरून काम शिकवलं, पोटच्या पोरासारखं आपल्या ताटात जेवू घातलं. देवमाणूस! एकच खोड होती. जगाच्या गाड्यांत टेप बसवायचे, पण स्वतःच्या गाडीत कधी गाणं लावायचे नाहीत. "दिवसभर तेच ऐकून कान किटतात, पोरा," म्हणायचे. ट्रायलपुरतं मात्र ऐकायचे. घाट उतरून, चढून, ट्रायल घ्यायचे ते स्वतःच. इंजिनावर जोर आला की आवाज लपत नाही.

मल्लेशनं मागची सीट उचलली. तिथं बसवलेल्या, आवाज वाढवणाऱ्या अँपची अर्थिंगची वायर रंगावरूनच बोल्टाला आवळली होती. खालचा पत्रा खरवडला नाही की शिट्टी येणारच. दोन मिनिटांचं काम. त्यानं ते केलं नाही.

"मालक, गाडी तुमचीच का?"

"मग कुणाची! कागद दावू का?"

"डावा दिवा बदललेला दिसतोय."

"जुनं हाय ते." रामहरी उगाच हसला. "गाडी म्हणल्यावर ठोकरबिकर आलीच की."

"नळदुर्गाकडं जाणं असतं का?"

"सासरवाडी हाय तिथं."

मल्लेशच्या मस्तकात तिडीक गेली. ठोकरबिकर! माझा बाप म्हणजे ठोकरबिकर! हातातल्या पान्यानं याचं टाळकं फोडावं असं त्याला वाटलं. पण तेवढ्यानं काय होतंय? यानं मरताना ती कुंई ऐकायला पाहिजे.

"चहा घेऊन या मालक, टपरीवर," तो गोड बोलला. "तोवर होतंय."

रामहरी गेला तसा मल्लेश गाडीखाली शिरला. ब्रेकची नळी त्यानं अर्धी कापली. दुकानाच्या दारात कळणार नाही, घाटात कळेल. तामलवाडीचा रस्ता घाटातूनच उतरतो. शिट्टी तशीच ठेवली, टेपही चालूच ठेवला. मग मागच्या नळावर जाऊन साबण लावून लावून हात धुतले. मन शांत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात पुढून, लवकरच परतलेल्या उस्तादांचा आवाज आला. "हो बाजूला. ट्रायल म्याच घेतो." पाठोपाठ इंजिन चालू झालं.

मल्लेश ओल्या हातानंच धावत सुटला. "उस्ताद! आवो उस्ताद, थांबा!"

गाडी घाटाकडं वळलीसुद्धा. शर्टाला बोटं पुसत त्यानं फोन लावला. रिंग जात होती. आई येडेश्वरी, येरमाळ्याला तुझं दर्शन घेऊन आलेल्या या माणसाला काही करू नको गं! "उचला की उस्ताद, उचला!"

चहाचा ग्लास घेऊन रामहरी शेजारी येऊन उभा राहिला. तोंड पडलं होतं.

"लई भडकले की तुझे उस्ताद. मला बाजूला ढकलूनच गाडीत बसले."

"का?" मल्लेशचं लक्ष फोनकडं होतं.

"ही गाडी या दुकानात आणायची न्हाय, असं इकतानाच बजावलं होतं त्यांनी. म्हणून तर ते न्हाईत बघून आत शिरलो म्या."

"इकताना?"

"त्यांचीच की गाडी. पाच वर्सं झाली, थंडीत घेतली म्या. काय घाई होती त्यांना, काय इचारू नको. डावा दिवा नवा टाकून, मातीमोलानं देऊन टाकली."

रिंग थांबली. फोन उचलला गेला.

"बोल, पोरा," उस्ताद म्हणाले. मागं गाणं चालू होतं, आणि गाण्यामागं ती कुंई चढत होती.

मल्लेश घाटाच्या वळणाकडं बघत राहिला.

"काय न्हाय, उस्ताद," तो म्हणाला. "गाणं चालू ठेवा."