फोनबंद तास

"टोपलीत अकराच फोन आहेत," ती म्हणाली. "बारावा कोणाचा?"

बाराही जण पंख्याकडे, छताकडे, भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे बघत बसले. जणू फोन हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडत होता. शेवटी तिसऱ्या खुर्चीवरून हात वर आला.

"माझा घरीच राहिला."

तेवढ्यात त्याच्याच खिशातून गाणं वाजलं.

तिने मुकाट्याने टोपली पुढे केली आणि वहीत नोंद केली: 'गाणेवाला'. वहीत ती कोणाचंच खरं नाव लिहीत नसे. नाव लिहिलं की माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाला सूट द्यावीशी वाटते. म्हणून हा गाणेवाला, ती चुळबुळी, मागच्या दोघी कुजबुज्या, आणि खिडकीजवळची जागा कधी न सोडणारा तो खिडकीवाला. त्यांनीही तिला नाव ठेवलं होतंच. मास्तरीणबाई. तोंडावर नाही, पाठीमागे, पण तिला बरोबर ऐकू जाईल अशा बेताने.

वाचनालयाच्या किशोर विभागातला हा 'फोनबंद तास'. दर शनिवारी चार ते पाच. फोन टोपलीत, पुस्तक हातात, आणि साठ मिनिटं खुर्ची सोडायची नाही. बस, एवढंच! दोन महिने ग्रंथपालबाईंच्या मागे लागून तिने तो सुरू करून घेतला होता, आणि तीन शनिवारांत तिच्या नाकी नऊ आले होते. पहिल्या वेळी गाणेवाल्याच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्या वेळी चुळबुळीला घरून बोलावणं आलं म्हणे. फोन टोपलीत असताना बोलावणं आलं कुठून, देव जाणे. तिसऱ्या वेळी खिडकीवाला पंधराव्या मिनिटाला "आलोच दोन मिनिटांत" म्हणून गेला, तो गेलाच.

आज ग्रंथपालबाईंनी तिला दारातच गाठलं होतं.

"हे बघा, हा चौथा आणि शेवटचा." किशोर विभागात लहानथोर सगळ्यांना अहो-जाहोच करायचं, हा बाईंचा जुना दंडक. स्वतःही कधी मोडत नसत. "आज एक जरी मध्येच उठला, तर मी हा तास बंद करणार. समितीला तसं सांगून बसलेय. तुमच्यासाठी वाईट वाटतं, पण किती दिवस रेटायचं?"

"आज कोणी उठणार नाही," ती म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली.

चार वाजून दहा मिनिटं.

"पंखा जरा कमी करता का?"

केला.

"या खुर्च्या कसल्या हो? गुडघे हनुवटीला लागतात."

"पाय पुढे सोडून बसा."

"मी चष्मा विसरलोय."

"मग जवळ धरून वाचा."

"जवळ धरलं की आणखीनच दिसत नाही."

"मग लांब धरा!"

कुजबुज्यांचं कोणाच्या तरी लग्नावरून जुंपलं होतं. कोणी कोणाला बोलावलं नाही, कोण कोणाशी आता बोलत नाही. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. दोघींनी पान उलटलं. एकीचं पुस्तक उलटं होतं. तिने ते सुलट करून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

साडेचारला गाणेवाल्याने जाहीर केलं, "माझं वाचून झालं."

"सगळं?"

"शेवट वाचला. मधलं काय, भरताडच असतं."

"पहिल्या पानापासून," ती दातओठ खात म्हणाली. तो बापडा लागला पहिल्या पानाला.

खिडकीवाला मात्र आज खरंच वाचत होता. पंचवीस पानं झाली होती. ती दर फेरीला हळूच बघून येत होती. एका ठिकाणी तो चक्क हसला. तिला एवढं बरं वाटलं की ती फेरी मारायचंच विसरली. बाकी कोणी उठलं असतं तर तिला राग आला असता, संताप आला असता. तो उठला तर मात्र तिला रडू आलं असतं. त्याचं कारण वहीत लिहिण्याजोगं नव्हतं.

पाचला आठ मिनिटं कमी असताना गुर्रर्र झालं. खिडकीपाशी.

म्हणजे एक फोन टोपलीत टाकून याने दुसरा आतल्या खिशात ठेवला होता! काय म्हणावं या माणसाला? खिडकीवाल्याने खिशातून फोन काढला, त्याच्या पडद्याकडे पाहिलं, पुस्तक पालथं टाकलं आणि अर्धवट उठला. दारात ग्रंथपालबाई येऊन थांबल्या होत्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

ती तरातरा खिडकीपाशी गेली.

"बसा."

"अर्जंट आहे."

"आठच मिनिटं राहिलीत. हत्ती गेला, शेपूट राहिलं."

"अगदी दोन मिनिटं. आलोच."

"मागच्या शनिवारीही दोनच मिनिटं होती."

"कामाचं असतं गं. तुला नाही कळायचं."

फोन पुन्हा गुरगुरला. त्याने एक पाऊल टाकलं. तिने त्याची बाही धरली. इतका वेळ कसाबसा धरून ठेवलेला करडा आवाज एकदम फुटला.

"बाबा, बसा ना हो! बाकी सगळ्यांचे आईबाबा बसलेत. माझेच तेवढे उठणार का?"

खिडकीवाला मटकन खाली बसला, आणि मागच्या अकरा आईबापांनी भराभर पुस्तकांत डोकी खुपसली.